नोट हलकी, नाणी जड

इस्ना, दिनांक २८ नोव्हेंबर

विदाद हबीब बिश्वाय हिला,

इकडे क्षेम आहे. तिकडचे क्षेम विचारण्याची आता सोय नाही. तरी पत्राच्या पहिल्या ओळीत ते विचारण्याची हाताला सवय आहे, म्हणून विचारले असे समजावे.

तुझ्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना यथासांग पार पडली. आपली लेक नारदीन अलेक्झांड्रियाहून आली होती. तिने स्वयंपाकघर धुतले, तुझ्या सपाता मला न विचारता शेजारी देऊन टाकल्या, आणि जाताना दारात उभी राहून माझ्या कोटाची कॉलर सारखी केली. नाताळचे उपवास सुरू झाले आहेत. सकाळी उकडलेल्या बाकल्याचे दाणे, तेल, जिरे. मीठ किती घालावे याचा अंदाज मला अजून आलेला नाही.

दुकान मी रोज उघडतो. तुझ्या खुर्चीवर तुझा अर्धा राहिलेला टेबलक्लॉथ तसाच आहे. तीन कडांवर निळी कमळे भरून झाली आहेत, चौथीवर दोरा सुईसकट अडकलेला आहे. मी त्याला हात लावत नाही. स्टुलावर बसतो.

नाईलवरच्या प्रवासी जहाजांची परिस्थिती तू जाणतेस. घाटावर क्वचितच एखादे थांबते. बाकीची सरळ बंधाऱ्यापाशी जाऊन त्याचे पाण्याचे दरवाजे उघडेपर्यंत रांगेत उभी राहतात. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे होडीवालेच. ते तुझ्याकडून टेबलक्लॉथ आणि शाली नेतात, जहाजाला होडी लावून प्लास्टिकच्या पिशवीत माल वरच्या डेकवर फेकतात, आणि पसंत पडला तर वरून पैसे येतात, नाही तर पिशवी परत येते. पैसे म्हणजे बहुधा युरोची नाणी. ती कुठलीही बँक घेत नाही. तू घ्यायचीस, त्यांना आपले पौंड द्यायचीस, आणि घाटाला लागलेल्या जहाजाच्या प्रवाशांकडून त्या नाण्यांच्या नोटा करून घ्यायचीस. नोट बँक घेते. ही साखळी तुझ्यावर चालत होती. आता नाण्यांच्या नोटा झाल्या नाहीत तर होडीवाल्यांना माल घेता येणार नाही, आणि माल गेला नाही तर हे दुकान राहणार नाही. मला ते राहायला हवे आहे.

सोमवारी होडीवाला बदरी आला. त्याने गल्ल्यापाशी रुमाल सोडला आणि नाणी ओतली.

“उस्ताद वहबा, नारदीनच्या आईचा भाव होता तोच धरा. दुःखाच्या घरात मी घासाघीस करणार नाही.”

मी त्याला म्हणालो, “बँकेच्या नियमाप्रमाणे परकीय नाणी...”

“बँक गेली नदीत! मी बँकेत आलोय का? मी विदादबाईंच्या दुकानात आलोय.”

मी माझ्या पेन्शनमधून त्याला पौंड दिले. त्याच्यामागून बाकीचेही आले. तुझा बिस्किटांचा डबा भरला.

गुरुवारी एक जहाज घाटाला लागले. पुरातन देवळाकडून परतणारे प्रवासी आपल्या गल्लीतून जाऊ लागले, तेव्हा मी नाणी मोजून हातात घेतली आणि दारात उभा राहिलो. तू काय म्हणायचीस ते मला पाठ आहे: “मॅडम, नोट हलकी, नाणी जड! तुमच्या गावात याची कॉफी येते, माझ्या गावात याने दाराची फटसुद्धा बुजत नाही!” चार भाषांत मोडूनतोडून म्हणायचीस, आणि माणसे हसत पाकीट उघडायची. मला ते तसे म्हणता येईना. मी माझे वाक्य नीट बांधून ठेवले होते: महोदया, आपली हरकत नसेल तर या नाण्यांच्या मोबदल्यात तेवढ्याच किमतीची नोट मिळू शकेल काय? ‘महोदया’ संपण्यापूर्वीच समोरचे जोडपे हात हलवत निघून गेले. दुसऱ्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. एका वयस्कर बाईंनी मात्र थांबून सर्व ऐकून घेतले. त्यांनी मान हलवली, पर्समधून एक नाणे काढले, ते माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी बोटे त्यावर मिटवली.

मी “आभारी आहे” म्हणालो.

समोरचा मसालेवाला फौली हे पाहत होता. “वा उस्ताद! बदलायला गेलात आणि वाढवून आणलंत!”

तू असतीस तर त्याला योग्य ते उत्तर मिळाले असते.

तुझा,
वहबा


इस्ना, दिनांक १७ डिसेंबर

विदाद,

मागील पत्रानंतर विशेष काही नाही. वारा उत्तरेकडून वाहतो आहे. मागच्या दाराची किल्ली गंजली होती, तिला तेल दिले. फौलीच्या सुनेला मुलगा झाला. त्याने गल्लीभर खडीसाखर वाटली आणि मला दुप्पट दिली, कारण तू असतीस तर दोघांची घेतली असतीस.

मी बँकेत गेलो होतो. ज्या खिडकीमागे मी नोकरीची सारी वर्षे बसलो, तिथे आता एक तरुण कारकून बसतो. माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला, आणि डबा पाहून त्याचा चेहरा उतरला.

“उस्ताद, आपणच तर शिकवलंत. नोटा घ्यायच्या, नाणी नाही.”

मी म्हणालो, नियम बरोबर आहे. तो बरोबरच आहे, विदाद. परदेशी नाणी परत पाठवण्याचा खर्च त्यांच्या किमतीहून जास्त होतो; हे मी तुला अनेकदा समजावून सांगितले होते. त्यावर तू म्हणायचीस, “अहो, तुमचा नियम खरा, मग ही नाणी काय खोटी आहेत?” मी चहा संपवला आणि डबा घेऊन परत आलो.

हाजी शाजली दुकानावर आले होते. घरमालक असूनही ते उभ्यानेच बोलले. तुझी खुर्ची रिकामी नव्हती आणि स्टूल एकच होते.

“उस्ताद, दुकान तुमचंच आहे, मी कधी नाही म्हटलंय? पण तो मोबाईलवाला ही जागा मागत रोज माझ्या दारात येऊन बसतो. मी नाही म्हणतो, तो बसतो. मी नाही म्हणतो, तो चहा पितो. किती दिवस चहा पाजू मी त्याला?”

“भाडे मी वेळेवर देतो, हाजी.”

“देता हो. पण कशातून देता ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. पेन्शन खाऊन दुकान जगतं का कधी? दुकानानं माणसाला पोसायचं असतं.”

त्याच रात्री नारदीनचा फोन आला. हाजींनी तिलाही कळवले असावे.

“बाबा, इकडे या. खोली तयार आहे. बाल्कनीतून समुद्राचा तुकडा दिसतो.”

“दुकान आहे.”

“दुकान आईचं होतं. आई गेली, बाबा. तुम्हांला तर तिथे साधी पिशवी विकता येत नाही.”

“मी पिशव्या विकत नाही.”

“तेच तर म्हणतेय मी!” ती हसली.

इथवर लिहून मी पेन खाली ठेवले होते. पुढचे लिहायचे नसते तर बरे झाले असते. आपल्या सात जानेवारीच्या नाताळापूर्वी दुकान रिकामे करून देण्याचे मी हाजींना कबूल केले आहे. होडीवाल्यांची देणी चुकती झाली आहेत. डब्यातली नाणी फौलीच्या ओळखीचा एक वाटाड्या निम्म्या भावाने घेऊन गेला. उरलेला माल बदरी बंधाऱ्यावर नेऊन विकील आणि येईल त्यात त्याचा वाटा घेईल. मी काही मागे ठेवणार नाही. खुर्चीसुद्धा फौलीला दिली आहे, दुकान सोडेन त्या दिवशी तो नेईल.

फक्त टेबलक्लॉथ माझ्याबरोबर अलेक्झांड्रियाला येईल. तो सामानात बांधणार नाही. गाडीत मांडीवर घेऊन बसेन. सुई आहे तशीच राहू देईन. चौथी कड दुसऱ्या कोणी भरावी असे मला वाटत नाही, नारदीननेसुद्धा. तुझे म्हणून एवढे एक माझ्याजवळ राहील. तेवढे पुरेल, असे मी हिशेबाने ठरवले आहे.

तुझा,
वहबा


इस्ना, दिनांक ५ जानेवारी

विदाद,

तिकीट काढले आहे. खिडकीची जागा मिळाली. घरातले पाणी बंद केले, गॅसची टाकी परत दिली, तू जिवापाड जपायचीस ती पुदिन्याची कुंडी फौलीच्या सुनेकडे दिली. थंडी बरी आहे. सकाळी चर्चमध्ये तुझ्या नावाने मेणबत्ती लावली. वाऱ्याने विझली, पुन्हा लावली.

एवढे लिहून झाले. आता राहिलेले लिहितो.

काल बदरी माल भरायला दुकानात आला तेव्हा मी हाजींकडे किल्ल्यांची वेळ ठरवायला गेलो होतो. परत येतो तो माल होडीत पोहोचलेला. बदरीचा मेहुणा तापाने पडला होता आणि होडीत दोरी धरायला माणूस नव्हता.

“चला उस्ताद, तुम्हीच चला. नारदीनच्या आईचा शेवटचा माल आहे, मानाने पोहोचवू.”

मी दुकानातल्या कपड्यांतच निघालो. होडीत बसताना बदरी म्हणाला, “तेवढा टाय सोडा बरं. नाहीतर घाईत दोरी समजून जहाजाला बांधीन.”

बंधाऱ्यापाशी तीन जहाजे रांगेत उभी होती. आम्ही पहिल्याला होडी लावली. मी दोरी धरली. बदरी एकेक पिशवी वर फेकू लागला. इतक्या उंच आणि इतक्या नेमक्या फेकी मी कधी पाहिल्या नव्हत्या. काही पिशव्या परत आल्या, काहींचे पैसे आले. आजूबाजूच्या होड्यांतून एकच गलका चालला होता. वरच्या डेकवर लाल टोपी घातलेल्या एका बाईंनी एक पिशवी उघडली आणि आतला कपडा दोन्ही हातांनी उन्हात धरला.

तीन बाजूंना निळी कमळे होती.

मी बदरीला विचारले, हा कुठला? “खुर्चीवर राहिला होता तो. म्हटलं, एक कशाला मागे सोडायचा?” तो गल्ल्याच्या पलीकडे याआधी कधी आलाच नव्हता, विदाद. त्याने तुला कशिदा भरताना नेहमी बाहेरूनच पाहिले.

मी होडीत उभा राहिलो. दोरी सुटली असती, पण बदरीने पकडली. मी शक्य तितक्या मोठ्याने आणि शुद्ध इंग्रजीत म्हणालो की महोदया, हा विकाऊ नाही.

बाई हसल्या. त्यांनी नवऱ्याला बोलावले. वरून एक पायमोजा आला, गाठ मारलेला, नाण्यांनी भरलेला. तो माझ्या पायाशी पडला.

“विकाऊ नाही!” मी पुन्हा ओरडलो. “कृपा करून परत टाका!”

शेजारच्या होडीतून कोणी तरी ओरडले, “शाब्बास उस्ताद! ताणा, अजून ताणा!” दुसरा म्हणाला, “अरे, असला सौदेबाज इतकी वर्षं बँकेत कुजवला!” सगळ्या होड्या हसू लागल्या. वर बाई नवऱ्याशी काही बोलल्या, आणि कागदी रुमालात बांधलेली आणखी नाणी आली. मी मोजा उचलून वर फेकला. आयुष्यात याआधी मी काही फेकले नव्हते. तो जहाजाच्या पोटावर आपटून परत होडीत पडला. आता तर डेकवरचे लोकसुद्धा टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटले असावे की भाव अजून जमत नाही.

मग भोंगा वाजला. रांग पुढे सरकली. बदरीने दोरी सोडली, कारण ती सोडावीच लागते, नाहीतर होडी दरवाजात चिरडते. जहाज बंधाऱ्यात शिरू लागले. लाल टोपीच्या बाईंनी माझ्याकडे पाहून तो टेबलक्लॉथ निरोपाच्या रुमालासारखा हलवला. मीही हात वर केला. आत सुई आहे, जपून, एवढे सांगायचे होते. दरवाजे लागले.

परतताना बदरीला मी त्या टेबलक्लॉथचे सांगितले. तो बराच वेळ वल्ही मारायची विसरला.

“उस्ताद, आधी का नाही बोललात?”

“बोललो.”

“त्यांना नव्हे हो. मला.”

तो म्हणाला, पुढच्या फेरीत ते जहाज परत आले तर शोधतो. मी त्याला आठवण दिली की जहाज परत येते, प्रवासी अस्वानहून विमानाने जातात. त्यालाही ते ठाऊक होते. घाटावर त्याने आपला वाटा घेतला नाही. मी मोजा आणि कागदी रुमाल त्याच्यापुढे धरले, तर त्याने हात मागे घेतले.

“मी काय करू या नाण्यांचं? नारदीनच्या आई होत्या तेव्हा गोष्ट वेगळी होती.”

म्हणून ती माझ्याकडे आहेत. कोटाच्या उजव्या खिशात. कोट त्या बाजूने ओढला जातो आहे. अलेक्झांड्रियातल्या बँकाही ती घेणार नाहीत. नाणी खरी आहेत, विदाद. ज्या देशात ती चालतात तिथे मी जाणार नाही, इतकेच.

रात्री जहाजावरच्या खोलीत कोणी तरी तो टेबलक्लॉथ उलगडला असेल. सुई काढून टेबलावर ठेवली असेल, कदाचित कचऱ्यात. दोरा ओढून तोडला असेल. कापड चांगले आहे. त्यांना आवडेल.

प्रकृतीस जपावे, असे शेवटी लिहायचे असते. लिहिले.

तुझा,
वहबा शेनूदा मिखाईल

ता. क. — फौलीने खुर्ची नेली. दुकान झाडून घेतले, दार ओढून कुलूप लावले. सर्व किल्ल्या, मागच्या दाराच्या तेल दिलेल्या किल्लीसह, हाजी शाजलींच्या हाती परत केल्या.