चिवड्याच्या घरी

प्रिय सुखदा,

पत्र बघून हसशील. संत तुकाराम नगर ते पिंपळे सौदागर, रिक्षाचं अंतर, आणि आई पत्र लिहिते! पण फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू तोडगा काढतेस. तो तोडगाच मला नको होता.

दिवाळीला मी आले नाही. स्वरूपाच्या वाढदिवसाला खाली गेटवरच भेट देऊन परतले. जावईबापूंना वाटलं असेल, मी कशावरून तरी रुसले. शेजारच्या सोजराबाईंनी तर तोंडावरच विचारलं, "लेक एवढी जवळ, अन् तुमी एकट्याच फराळ खाताय व्हय?" मी म्हटलं, गुडघे दुखतात. तर म्हणाल्या, "तिच्याकडं लिफ्ट न्हाई का?"

चाकणला आमच्या कंपनीत गिनीपिगची नवी तुकडी आलीय. क्षयाच्या लशीची चाचणी. निम्म्या गिनीपिगना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. काही आठवडे ते चारापाण्याला माझ्याकडे असतात. मग त्यांना बंद खोलीत नेतात आणि तिथे श्वासातून क्षयाचे जंतू देतात. लस लागू पडली का, ते शेवटी त्यांची फुप्फुसं उघडून कळतं. त्या दारापलीकडे माझं काम नाही. दारापर्यंत मात्र मीच असते. माझ्या तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, तरी चाऱ्याची पिशवी वाजली की सगळे एकदम शीळ घालतात. परवा घरी कोथिंबीर निवडताना पिशवी वाजली आणि मी थांबले, कान देऊन. मग आठवलं, मी घरी आहे.

लोकांना वाटतं, तुझ्या बाबांच्या क्षयामुळे मी हे काम धरलं. काम त्याआधीचं गं. त्यांचा खोकला ऐकल्यावर सोडता आलं नाही, एवढंच.

आता खरं कारण. आमच्याकडे नियम आहे, ज्या घरात असा प्राणी पाळलाय तिथे जायचं नाही. बाहेरचा साधा आजार आमच्या केसाकपड्यांतून आत गेला, तर चाचणी वाया आणि तेवढे जीव फुकट गेले. दसऱ्याला स्वरूपा फोनवर ओरडली, "आजी, माझ्याकडे गिनीपिग आलाय, चिवडा!" मी तुला नियम सांगितला असता, तर संध्याकाळपर्यंत चिवडा दुसऱ्या कुणाच्या घरी गेला असता. तू तशीच आहेस. आणि पोरीने तर त्याला नावही देऊन टाकलं होतं.

या महिनाअखेर मी निवृत्त होतेय. मला तुमच्याकडे यायचंय, जमलं तर राहायलाच. पण स्वरूपाने विचारलं, आजी, तू कंपनीत काय करायचीस, तर मी खोटं बोलणार नाही. त्यानंतर ती चिवड्याला माझ्या हातात देईल का? तुला चालेल का? नीट विचार कर, या वेळी तोडगा नको. नाही म्हणालीस तर गेटवर भेटू, सवय झालीय मला. आणि हो म्हणणार असशील, तर एवढंच कळव: येताना चिवड्याला कोथिंबीर आणू का?

वाट पाहणारी, तुझीच,
आई