समुद्र शेवटच्या दिवशी, ४ ते ४.३०

१२ जानेवारी २०२५, रविवार. मु. कोहिनूर, आमचं गाव
तूर मळून झाली. बेंगळुरूहून सुगतचा फोन. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पोरगा आम्हा दोघांना थायलंडला पाठवणार आहे. विमान हैदराबादहून. समुद्राकाठी हॉटेल. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे.
मी शांत राहिलो. आनंदात वाहून जायचं नाही, हे मला जमतं. संध्याकाळपर्यंत फक्त अकरा जणांना सांगितलं.
इंदिराबाईला विचारलं, तुला काय बघायचंय? म्हणाली, "मला निस्तं समिंदर दावा. बाकी तुमी म्हणाल तिकडं येते."
पंचवीस वर्षांत तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट. साधी आहे. दाखवू.

१५ जानेवारी
वहीत प्लॅन तयार. सहा दिवसांत सत्तावीस विहार. समुद्र शेवटच्या दिवशी, ४ ते ४.३०.
भाषेची अडचण येणार नाही. तिकडे सगळे बौद्ध, आणि धम्माची भाषा पाली. मला वंदना, परित्राण, सगळं पाठ आहे. इंदिराबाईने शंका काढली, "अन् पोट दुखलं तर? वंदनेत पोट कुटं हाय?"
तिला समजावलं की भाषेत भावना महत्त्वाची असते. ती भांडी घासायला निघून गेली. पटलं असावं.

१९ जानेवारी
मोठा निर्णय घेतला. बुद्धाच्या देशात जाऊन हॉटेलात राहायचं? शोभत नाही. समुद्रापासून तासाभरावर, जंगलात एक विहार आहे. तिथे पाहुण्यांची सोय होते. चिटगुप्प्याला राजशेखरच्या नेट सेंटरवर जाऊन फॉर्म भरला. फॉर्म इंग्रजीत. चौदा रकाने. राजशेखर म्हणाला, "अण्णा, वाचू तर द्या, कामून भराभरा टिका मारायलाव?"
विहाराच्या फॉर्ममध्ये वाईट काय असणार? चौदाही रकान्यांत टिक.
सुगतला हॉटेल रद्द करायला लावलं. तो म्हणाला, "अप्पा, आईला इचारलंव का?" योग्य वेळी सांगणार आहे.

२६ जानेवारी
योग्य वेळ आली नाही. इंदिराबाई शेजारच्या चंद्रम्माला खिडकी समजावून सांगत होती. हात पसरून. एवढी रुंद, एवढी उंच. दोन बायका बोलत असताना मध्ये बोलणं बरं नव्हे.

२ फेब्रुवारी. विमानात
सांगितलं. पट्टे बांधून झाल्यावर.
ती तीन तास बाहेर बघत राहिली. खाली समुद्रच होता म्हणे, पण वर ढग. हे समुद्रदर्शन धरावं का, विचार करतोय.

त्याच दिवशी, रात्री
पाली चालते. पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबाला मी हात जोडून 'सब्बीतियो विवज्जन्तु', म्हणजे सगळी संकटं टळोत, असं म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, पासपोर्टकडे बराच वेळ पाहिलं, आणि शिक्का मारला.
गाडीच्या ड्रायव्हरशीही पालीत बोललो. त्याने रेडिओ मोठा केला. माझ्यासाठीच असावा.

३ फेब्रुवारी. विहार
चष्मेवाले एक भन्ते माझा फॉर्म घेऊन आले. एकेका टिकेवर बोट ठेवून पाटीवरचं चित्र दाखवत गेले. पहाटे चारला उठणे. बारानंतर जेवण नाही. झाडलोट. मोबाईल जमा. पुरुष इकडे, बायका कुंपणापलीकडे. शेवटचं चित्र, ओठांवर बोट. आठ तारखेच्या सकाळपर्यंत मौन.
मी हे सगळं आतून निवडलंच असणार. गळ्यात मौनाचं पांढरं कार्ड घातलं. इंदिराबाईचा फॉर्म भरायचा राहिला होता, म्हणून तिला मौन नाही, स्वयंपाकघरात मदत. घड्याळ आणि वही राहू दिली.
सत्तावीस विहारांपैकी एक झाला. राहिले सव्वीस.

४ फेब्रुवारी
मौनात वंदना म्हणायची परवानगी आहे. इथल्या भन्तेंचे उच्चार कच्चे आहेत. 'भगवतो'ला 'फखवतो' म्हणतात. मी मोठ्याने बरोबर म्हणून दाखवलं. दुपारपासून मला खांबामागची स्वतंत्र जागा दिली. मान ठेवतात.
झाडू माझ्याहून उंच आहे. पुढे झाडतो तोवर मागे पानं पडतात. अनित्यता कळली. पहिल्या अर्ध्या तासातच कळली होती. पुढचे अडीच तास जास्तीचे.
सायं. ६. भूक. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी इंदिराबाईच्या पिशवीत, पिशवी कुंपणापलीकडे. ध्यानाला बसलो. चटणी आली. चटणीकडे तटस्थपणे पाहिलं. ती गेली नाही.

५ फेब्रुवारी
स्वयंपाकघरातून हसणं ऐकू आलं. एक आवाज इंदिराबाईचा. तिला ना थाई येते, ना इंग्रजी, पाली तर नाहीच. सरळ आपल्या बोलीत ओरडत होती, "नोई अक्का, मिरची कमी टाक की गं बाई, मानसं रडायलेत!" नोई ही इथली मुख्य स्वयंपाकीण. ती थाईत काहीतरी ओरडली. परत दोघी हसल्या. चटणीचा वास आला. सगळ्यांना वाटली असणार.
बिचारी. माझ्यावाचून फार अडत असेल.

६ फेब्रुवारी, सायं. ५
इंदिराबाई कुंपणापाशी आली. "ओ, ह्या बाया दर दोन दिसाला समिंदराकाठच्या बाजाराला जातेत. उद्या नऊला निघायलेत. मीबी जाऊ का?"
मी मानेने नाही म्हटलं. ती म्हणाली, "मान दुकायली का? चोळून देऊ?"
मी बोटांनी चार ते साडेचार दाखवलं. "चार न्हाई ओ, नऊला."
मी दोन्ही हात वर केले. म्हणाली, "आशीर्वाद कशाला, लगीच येते की परत."
चिठ्ठी लिहिली असती. पण ती कन्नड शाळेची, मी मराठी. बोलताना दोन्ही भाषा चालतात, वाचताना एकमेकांचं अक्षर लागत नाही.
जाताना म्हणाली, "बोलत न्हाई म्हंजे व्हय समजते मी."
काळजीचं कारण नाही. ती चिटगुप्प्याच्या बाजारालाही कधी एकटी गेलेली नाही. ऐनवेळी थांबेल.

७ फेब्रुवारी, स. ९.१०
थांबली नाही.

सायं. ५.३०
आली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, पायाला वाळू, एकाच पायात चप्पल. कुंपणाला धरून उभी राहिली. "बगितलं ओ," म्हणाली. पुढे काही सांगणार होती. माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं आणि गप्प झाली. मौन पाळणाऱ्याशी बोलू नये, असं कोणीतरी तिला आता सांगितलंय.
केवढा होता? आवाज कसा येतो? पाय टाकलास तेव्हा भ्यालीस का? इतकं सगळं विचारायचं होतं मला. पाली उपयोगाची नव्हती.

८ फेब्रुवारी
सकाळी सहाला मौन सुटलं. पहिलं वाक्य चार दिवसांपासून तयार होतं. थेट स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि म्हणालो, "चल, तुला समुद्र दाखवतो."
ती भाजी निवडत होती. "उद्या परत जायलोय की आमी."
आमी.
मी म्हणालो, मीही येतो. प्लॅनमध्ये थोडा बदल करतो, सव्वीस विहार पुढच्या वेळी. ती म्हणाली, "जागा न्हाई ओ गाडीत. आठ बाया हाव, वर टोपल्या. दाटीवाटीनं बसायलोय." मी सुचवलं, मी उभा राहीन. तिने नोईला हातवारे करून विचारलं. नोईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग काहीतरी बोलली. सगळ्या हसल्या.
काय म्हणाली, विचारलं. इंदिराबाई म्हणाली, "मला तरी कुटं कळतंय?" आणि परत हसू लागली.
शेवटी विचारलं, कसा आहे गं समुद्र? तिने निवडलेली भाजी खाली ठेवली. म्हणाली, "सांगता येत न्हाई ओ. तितं उभं ऱ्हावं लागतंय."

९ फेब्रुवारी, स. ९.१५
शेवटचा दिवस. विमान रात्रीचं. मोबाईल परत मिळाला. आता बोलायला पूर्ण मोकळा आहे. काल सकाळपासून मला कोणी काही विचारलेलं नाही.
नऊला गाडी निघाली. इंदिराबाई ड्रायव्हरशेजारी पुढे बसली होती. काच खाली करून हात केला.
वैवाहिक जीवनात एकमेकांना मोकळीक द्यावी, असं माझं पूर्वीपासूनचं मत आहे. त्यानुसार इंदिराबाईला समुद्रावर जायची परवानगी दिली.
गाडी वळणाआड गेल्यावर.