मोटेचे बैल आणि माझा बाप्तिस्मा

वाशीम,
१२ मार्च १९५४

तीर्थरूप रामरावमामा यांना भाचा नथ्थू आणि भाचेसून आवडाबाई यांचा प्रभूमध्ये सलाम. मामींचा गुडघा कसा आहे? एरंडाची पानं गरम करून बांधायला सांगितली होती, ती बांधली की नुसती उशाशी ठेवली? (मामींना मी ओळखतो.) किन्हीराजात सगळे खुशाल असोत. आमच्याकडे वांगी उदंड आहेत आणि बाकीचं पुढे लिहितो.

आवडाबाईचा बाप्तिस्मा होऊन दोन वर्षं झाली, माझा मात्र दोनदा पुढे ढकलला, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या पाळकसाहेबांचं म्हणणं एकच, की नथ्थूभाऊ देवळात बसतात पण मनाने बाजारात असतात. खोटं कसं म्हणू? पहिल्या खेपेला सगळे डोळे मिटून बसलेले असताना बाहेर कोणी तरी वांगी कशी दिली म्हणून विचारलं आणि मी प्रार्थनेच्याच सुरात भाव सांगितला. (भाव रास्त होता, जागा चुकली.) दुसऱ्या खेपेला, जगाचा मोह सोडला का, असा प्रश्न आला तेव्हा मी खिडकीतून आभाळ बघत होतो, कारण मेथी कापून उघड्यावर पडली होती. आता ईस्टरला तिसरी खेप. तोवर एकदाही प्रार्थना सोडून उठलो तर नाव आणखी वर्षभर मागे. मामा, हसू नका. प्रभुभोजनाला आवडाबाई पुढे जाते आणि मी मागे एकटा उरतो, तेव्हा फार वाईट वाटतं.

तर गेल्या रविवारची गोष्ट. आमचा बाजारही रविवारीच. उपासना संपली की लगेच निघता यावं म्हणून मी वांग्यांनी भरलेली गाडी देवळाबाहेर उभी केली आणि बैल सोडलेच नाहीत. (इथेच सैतानाने मला गाठलं.) पाळकसाहेबांनी नेमकं आवडाबाईच्या आवडीचं गीत सांगितलं. ते गीत आमच्या मळ्यात रोज पहाटे मोटेवर होतं. धृपदाला बैल विहिरीपासून धावेच्या उतारावरून मोट ओढत खाली जातात, कडव्याला उलटे सरकत वर येतात. वर्षभरात त्यांच्या अंगात ते इतकं मुरलंय की आसूड लागत नाही. इकडे देवळात धृपद उठलं आणि तिकडे गाडी निघाली. कडवं सुरू झालं, गाडी मागे आली. पाच कडव्यांचं गीत, आणि गीत अर्धं सोडायचं नाही हा पाळकसाहेबांचा नियम. तिसऱ्या कडव्याला कुंपण गेलं. चौथ्याला पाळकसाहेबांचा भेंडीचा वाफा गेला. मी दुसऱ्यालाच उठून धावलो होतो आणि माझ्यामागून सगळे पुरुषही.

बायकांच्या बाजूला एकटी आवडाबाई डोळे मिटून शेवटच्या ओळीपर्यंत गात राहिली. तिचा आवाज थांबला तेव्हाच बैल थांबले. नंतर मी चिडून विचारलं तर म्हणाली, "बैल आपलेच हायेत, जातीन कुठं? देवाचं गाणं अर्ध्यात सोडून काहून उठू?" मामा, अशी बाई मी पाहिली नाही. तिच्या माहेरची, सासरची, सगळ्यांची श्रद्धा एका पारड्यात टाकली तरी तिचंच पारडं खाली जाईल.

माझं नाव गेलंच, असं धरून मी वांगी वेचत होतो. पाळकसाहेब आले, मोडकं कुंपण पाहिलं आणि बैलांना हे गीत कसं ठाऊक म्हणून विचारलं. मी म्हणालो, रोज मोटेवर ऐकतात. त्यांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नथ्थूभाऊ, मी तुम्हाला ओळखलंच नाही. कष्टाच्या वेळी ज्याच्या तोंडी प्रभूचं गीत असतं, त्याला मी काय थांबवणार? ईस्टरला तुमचा बाप्तिस्मा." माझे डोळे भरून आले. ही आनंदाची बातमी तुम्हाला कळावी म्हणूनच हा पत्रप्रपंच. मामींना सलाम, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
नथ्थू

ता. क. एक गोष्ट राहिली. मोटेवर मी गात नाही. मी कासरा धरून वांग्यांच्या भावाचा विचार करतो. वाफ्यांत पाणी फिरवताना गाते ती आवडाबाई. पाळकसाहेबांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती शेजारीच वांगी वेचत होती. तिने सगळं ऐकलं आणि तरी रोजच्यासारखी गरम भाकरी वाढते आहे. ती भाकरी खायची लाज वाटते, मामा.

ता. क. दुसरा. काल तिला म्हटलं, शनिवारी पाळकसाहेबांना खरं सांगून येतो. ती एवढंच म्हणाली, "चाला, संगं जाऊ." बाप्तिस्मा आता होईल की वर्षभर लांबेल, देव जाणे. तुम्ही ईस्टरला याच, एवढं मागण्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो होतो. आज पहाटेपासून तिने नवीनच सुरू केलंय. मोटेवर एक ओळ म्हणते आणि थांबते. बैलही थांबतात. मग तिघंही माझ्याकडे बघत उभे राहतात, मी पुढची ओळ म्हणेपर्यंत.