कासवाचे डोळे

१२ नोव्हें. १९६०
नीनाबाई उद्या रशियाला परत. नवऱ्याचं इथल्या स्टील प्लांटमधलं काम संपलं. हाटात वांगी निवडताना झालेली ओळख. तिला हिंदी येईना, मला रशियन. एकदा चहाला गेले तर फळीवर हा दगड, त्यात दगड होऊन बसलेला जुना समुद्री जीव. मी ओरडलेच, "ट्रायलोबाइट!" तीही ओरडली, "त्रिलोबीत!" आमच्या दोघींच्या तोंडात सारखा असलेला एकच शब्द. तिच्या गावच्या नदीच्या कड्यातून तिच्या वडिलांनी काढलेला. आज निरोपाला गेले तेव्हा तिने तो माझ्या ओंजळीत ठेवला. मी नको नको म्हटलं. खोटंखोटं.

जिऑलॉजीचं एम.एस्सी. अर्धं टाकून लग्न करून भिलाईत आले, तेव्हापासून तांदळातला सोडला तर हातात दगड धरला नव्हता.

१५ नोव्हें.
भिंग बांगड्यांच्या डब्यात सापडलं. जीव अंगठ्याएवढा, पाठ वर, पोट चुनखडीत रुतलेलं. डोकं आणि शेपूट एकाच मापाची, अर्धगोल. मधल्या धडाला आठ कड्या. म्हणजे असॅफस, नाहीतर त्याचा चुलतभाऊ. घराणं कळलं, नाव नाही. नाव ठरणार डोक्यावरून. डोळे कुठे, किती उंच, आणि गालावरची शिवण डोळ्याला वळसा घालून कुठे उतरते. कात टाकताना हा याच शिवणीवर उसवायचा.

कॉलेजातल्या सरांना नागपूरला कळवलं.

२६ नोव्हें.
सरांचं उत्तर! फेब्रुवारीत अहिवाऱ्याकडच्या चुनखडीच्या खाणी बघायला येतायत. वर्णन आणि चित्र नीट असेल तर राहिलेलं वर्ष डिपार्टमेंटमध्ये पुरं करून घेऊ म्हणतात. इथल्या चुनखडीत असला जीव मिळायचा नाही, ती त्याच्याही आधीची. तेव्हा हा एकच. जपायचा.

हे म्हणाले, "चालली जा न वर्षभर. मी काय लेकरू हावो? आई हाय न." एवढं सोपं.

चित्र सुरू. शेपटीपासून. शेपूट गुळगुळीत, रेघ ना उंचवटा, पटकन होते. डोकं शेवटी, निवांत.

३ डिसें.
सासूबाईंनी पाहिलं. "अवं, हे तं कासव हाय! जेवाच्या टेबलावर कावून ठेवलं?"
म्हटलं, आई, हा समुद्रातला किडा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा.
"मंग तं लयच जुना देव."
आपल्याच सांगण्याने हरले. दगड देवघरात, ताम्हणात, हळदकुंकवासकट. लागेल तेव्हा मागून घ्यायचा असं ठरलंय. आठ कड्या काढून झाल्या. आता डोकंच.

१९ डिसें.
यांना ताप. टायफॉइड. दवाखाना, पेज, रात्रीच्या पट्ट्या. चित्र गुंडाळून ट्रंकेत.

८ जाने. १९६१
ताप उतरला. आज मऊ भात मागून खाल्ला.
डॉक्टरांच्या कॅप्सूल एकीकडे, आई एकीकडे: "कासवानं वाचवलं माह्या पोराले."
त्या वाईट दिवसांत मीही ताम्हणापुढे हात जोडले होतेच. असॅफस अस नाहीतर आणखी कोणी अस, यांना सोडू नकोस. हे इथेच लिहिते, सरांना सांगायचं नाही.

२० जाने.
डोकं काढायला बसले.
डोळे नाहीत.
शिवण नाही. खसखस भरल्यासारखी भिंगं होती डोळ्यांवर, तिथे नुसता पांढरट गुळगुळीतपणा. आधी वाटलं, कुंकवाखालचं मेण बसलं असेल. नखाने खरवडून पाहिलं. दगडच.

"आई, याला काय केलं?"
"घासतो न दर गुरुवारी, भांड्यासंगं. रातभर चिंचीच्या पान्यात ठेवतो, मंग राख लावतो. फेस येते त्याले! जित्ता हाय म्हनूनच तं येते."

फेस. कॉलेजातलं पहिलं प्रॅक्टिकल: ॲसिडचा थेंब टाका, फेस आला की चुनखडी. सात आठवडे माझ्याच घरात फेस येत होता, आणि मी पलीकडच्या खोलीत ताप मोजत होते. कोणावर ओरडू? न्हाणीत नळ सोडून रडले.

यांना सांगितलं. अजून धड उभं राहवत नाही, तरी उठून बसले. "आईले नको सांगू शालिनी. तिले वाटन आपनच देवाले मारलं."
नाही सांगणार. पण मग माझं काय, हे कोणी विचारायचं?

११ फेब्रु.
सर आले. पोहे खाल्ले. दगड भिंगाखाली खूप वेळ फिरवला. मी पदराची गाठ सोडत नि बांधत.
"घराण्यापर्यंत जाता येईल. पुढे नाही."
चित्र बघून म्हणाले, "शेपूट फार सुरेख काढली आहेस." याहून वाईट ऐकलेलं नाही.
"डोळे गेले बघ," असं सहज बोलून गेले. आई दारात होत्या.
निघताना: डोक्याच्या खालच्या अंगाला दुभंगलेली ओठाची ढाल असते. तिथला दगड सुईने कोरून ती उघडी केलीस तर निदान काहीतरी लिहिता येईल, मग बघू. पण डोक्याच्या एकाच टोकाकडून कोर. दोन्हीकडून कोरलास तर चुरा होईल.
टोक कोणतं, ते विचारायला हवं होतं. तोवर जीप गेली.

१ मार्च
आई दुपारी दुर्गला जाऊन आल्या. सराफाकडून चांदीचे डोळे आणलेत, ज्वारीच्या दाण्याएवढे. मेणाची गोळी मळत बसल्या.
"त्या दिवशी तुह्ये सर म्हने डोळे गेले. माह्याच हातानं गेले असन. तू बोलली नाही, पन मले काय समजत नाही का?"
त्यांचा हात धरला. चिंचेने बोटांची टोकं काळी पडली आहेत.
"आता सांग, तोंड कोन्या बाजूले हाय?"

दगड हातात घेतला. एका टोकाला शेपूट, पहिल्यापासूनच गुळगुळीत. दुसऱ्या टोकाला डोकं, आता गुळगुळीत. चित्र शेजारी धरलं. शेपटीचं चित्र दोन्ही टोकांशी जुळलं. कड्यांवरून कळावं तर त्याही झिजलेल्या. इकडून फिरवला, तिकडून फिरवला.

"तुले मालूम असन न? तू तं शिकलेली हायस."

एका टोकावर बोट ठेवलं. आईंनी तिथे मेण लावून डोळे दाबून बसवले आणि नमस्कार केला.

कोरायची सुई मेणबत्तीवर धरून, पुसून ठेवली आहे. उद्या गुरुवार. आई म्हणाल्या, उद्यापासून चिंच नाही, नुसतं पाणी.