उतारावरची खुर्ची

वलवण
१८ फेब्रुवारी २०२५, सकाळी सव्वासहा

प्रिय यशोधरा,

जय भीम. आत्ताच दारातल्या नव्या उतारावर पाणी मारून आलो. सिमेंट अजून कच्चं आहे, म्हणून आई मागच्या दाराने ये-जा करते. तू स्वतः खुर्चीची चाकं ढकलत आमच्या घरात यावीस, कुणी उचलून नेऊ नये, यासाठी तो बांधला. किती लांब हवा, हे आधी मी बनवलेल्या आपल्या चाकाच्या खुर्चीच्या गेममध्ये करून पाहिलं.

तो गेम पहिल्यांदा तू बेगडेवाडीत घरी खेळलीस आणि फोनवर मला झापलंस. "हात सोडले की माझी खुर्ची मागे येते. तुझी तर भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी जागेवर लटकते." बरोबर होतं. चाकं मी नुसती दिसायला लावली होती. खाली एक ठोकळा सरकत होता. अकरावीत भौतिकशास्त्राला घाबरून कॉलेज सोडलेला मी, मग घर्षण शिकायला बसलो. चाकं खरोखर फिरती केली, फरशी ओली धरली आणि भीतभीत तुझं वजन विचारलं. "मुलीला वजन विचारतोस? खुर्चीसकट चौसष्ट लिही, आणि कुणाला सांगू नकोस."

चौसष्ट लिहिलं आणि आमच्या दारासाठी आखलेला उतार लावून पाहिला. खुर्ची अर्ध्यावर गेली आणि मागे उलटली. खुर्चीतल्या त्या बाहुलीला मी चेहराही दिला नव्हता, पण वजन तुझं होतं. लॅपटॉप मिटून मी बाहेर जाऊन बसलो.

मग उतार थोडा थोडा लांबवत गेलो. खुर्ची नीट वर पोचली तेव्हा तो अंगण ओलांडून पेरूपर्यंत आला होता. धोंडिबा गवंडी म्हणाले, "आरं धम्मदीप, हितं ट्रॅक्टर चढवायचाय व्हय?" मी तुझं नाव सांगितलं नाही. आईला मात्र कळलं असावं. तिने न सांगता जास्वंदीच्या कुंड्या बाजूला घेतल्या.

तरी हे सगळं अंदाजाचंच. तुझे खांदे कुठे भरून येतात, ते गेमच्या इंजिनला कळत नाही. म्हणून रविवारी ये. मी मागे उभा राहीन, हात लावणार नाही.

आणखी एक. ऑक्टोबरात विहाराबाहेर मी लग्नाचं विचारलं, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "तुझ्या घराला तीन पायऱ्या आहेत." तो नकार होता की अडचण, हे मला अजून कळलेलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. नकार असेल तरी ये. चहा घे, उतार जमलाय का तेवढं सांग. पायऱ्या मी तोडल्या आहेत.

तुझाच, हे लिहिलेलं चालेल असं धरून,
धम्मदीप