त्रोहाच्या वहीचं पहिलं पान

स्विश्तोव, रविवार, २६ जानेवारी

लाडके कालिना,

राद्का आत्याचे तुला आणि पोटातल्याला आशीर्वाद. जावयाला, देयानला, मायेने विचारल्याचं सांग, तुझ्या सासूबाईंना नमस्कार. तुझ्या पायांना सूज नसेल असं धरून चालते. असली तर मीठ कमी कर आणि पाय उशीवर ठेवून पड. सातव्या महिन्यात स्टुलावर चढून पडदे बिडदे लावायचे नाहीत. तुझ्या सासूला पडद्यांचं वेड आहे हे मी लग्नातच ओळखलं होतं.

इथे सगळं ठीक. डॅन्यूबवर आठवडाभर धुकं बसलंय, पलीकडचं रोमेनिया कुणी उचलून नेलं तरी आम्हाला पत्ता लागायचा नाही. खालची पेन्का गुडघ्याचं रडगाणं गाते आणि बाजारात माझ्यापुढे धावते. मी तुझ्यासाठी एक लोकरीचं टोपडं पूर्ण केलंय, दुसरं सुयांवर आहे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. त्रोहा, तुझं ते मांजरीचं पिल्लू, बरी आहे. आज सकाळी दोनशे ऐंशी ग्रॅम भरली. तू आणलीस तेव्हा एकशे चार होती, पावाच्या चुऱ्याएवढी, म्हणून तर तू तिला त्रोहा म्हणालीस. आता डोळे उघडलेत, निळे आहेत पण बदलतील. चालताना मागचे पाय एकीकडे जातात आणि ती दुसरीकडे. छातीतली खरखर गेली. जनावरांचे डॉक्टर मानोल म्हणतात, धोका टळला.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी फार बोलते आणि बोलता बोलता नको त्या गोष्टीला बगल देऊन पुढे जाते. तेच मला या खेपेला करायचं नाही.

काल तुझ्या आईचा फोन आला होता. हसत हसत सांगत होती, "ऐकलंस का राद्का, कालिनाने सासूला आत्ताच सांगून ठेवलंय. बाळाला न्हाऊ घालायचं, पाजायचं, सगळं तुम्हीच बघा. माझ्या हाताला वळण नाही, माझ्या हातून काहीतरी होईल. आता तूच तिला चार गोष्टी शिकव बाई."

मी म्हटलं, "शिकवते." फोन ठेवला आणि तिथेच कोटांच्या खुंटीखाली बसून राहिले. त्रोहाची दुधाची वेळ टळून गेली, पेन्काने दार वाजवलं तेव्हा भानावर आले.

कालिना, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. हे आधी वाच, बाकीचं मग वाच.

सात जानेवारीला तू त्रोहाला माझ्याकडे आणलंस, कारण तुला तपासणीला प्लेव्हेनला जायचं होतं. बालवाडीच्या बॉयलरच्या खोलीत सापडलेलं, आई गाडीखाली गेलेली, नाळ अजून चिकटलेली, ते तू दोन दिवस स्वतःच्या अंगाच्या उबेवर जगवलं होतंस. टेबलावर तू सगळं ओळीत मांडलंस. गरम पाण्याची पिशवी, पिल्लांच्या दुधाचा डबा, बारीक निपल असलेली बाटली, वजनकाटा, कापूस, आणि ती शाळेची वही. प्रत्येक वेळचं वजन, किती दूध, शू झाली का, श्वास कसा, सगळं लिहायचं. पिल्लू एका घरातून दुसऱ्या घरी गेलं की वही त्याच्याबरोबर जाते, ही अनाथ पिल्लं सांभाळणाऱ्या एल्काच्या ग्रुपची रीत. मग तू त्रोहाला टॉवेलवर पालथं ठेवलंस, मान जराशी उचललीस आणि म्हणालीस, "आत्या, हे एवढं एक. नेहमी पोटावर. उताणं कधीच पाजायचं नाही. त्यांचं आपल्या बाळांसारखं नसतं."

मी काय म्हणाले आठवतं? "अगं, तुझ्यासकट अर्ध्या स्विश्तोवला मी या हातांनी जगात आणलंय. मला मांजर पाजायला शिकवतेस?"

तू हसलीस. माझ्या गालाचा मुका घेतलास आणि बस पकडायला पळालीस.

आणि मी काय केलं? जे प्रसूतिगृहात एकतीस वर्षं केलं तेच. फ्लॅनेलचा तुकडा घेतला, त्रोहाचे हातपाय आत दाबून तिला घट्ट गुंडाळलं, फक्त तोंड बाहेर. आमच्या वॉर्डात सगळी बाळं तशीच ओळीने पडलेली असायची. मग कोपराच्या खळग्यात उताणी घेतली आणि बाटली लावली. फार गोड दिसत होती गं. पेन्काला बोलावून दाखवली. पेन्का म्हणाली, "अय्या, या वयात बाळंतीण झालीस की." मी फुशारून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाकातून दुधाचा बुडबुडा आला. मी पाठ थोपटली आणि पुन्हा उताणीच घेतली. बुडबुडा आला तेव्हा मला तुझं वाक्य आठवलं होतं. आठवलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं, आणि मी मनात म्हटलं, त्या चार दिवसांच्या पोरीचं काय ऐकायचं. नवव्या तारखेला तिने तोंड उघडून श्वास घ्यायला सुरुवात केली. दहाला हिरड्या निळ्या दिसल्या तेव्हा मी कोट न घालता डॉक्टर मानोलकडे धावले.

इथवर नुसती चूक होती. म्हातारीचा आडमुठेपणा म्हणून तूही सोडून दिली असतीस. पुढचं तसं नाही.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "दूध फुप्फुसात गेलंय. कुणीतरी चुकीचं पाजलंय. वही द्या." त्यांनी पिल्लाला आत नेलं. मी बाहेर बाकावर वही उघडली. तुझी दोन दिवसांची पानं भरलेली, बारीक अक्षर, पहाटेच्यासुद्धा नोंदी. माझं पान कोरं. मी एक अक्षर लिहिलं नव्हतं, मला कशाला लागते वही. मग मी पर्समधून पेन काढलं आणि तिथे बसून तीन दिवस लिहून काढले. वजनं मनाने टाकली. आणि सगळ्यात वर, सात जानेवारीच्या खाली, लिहिलं: "आणलं तेव्हापासूनच नाकात खरखर. आधीच्या ठिकाणी दूध अडकलं असावं."

आधीचं ठिकाण म्हणजे तू. नाव लिहायचीही हिंमत झाली नाही मला.

एकतीस वर्षं रजिस्टर भरलेला हात आहे, अक्षर एकसारखं, शांत. डॉक्टरांनी वाचलं, आधीच्या पानांवरचं तुझं नाव पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "नवखी माणसं. पोटी मूल येणार असलं की प्रत्येकीला वाटतं आपल्याला सगळं जमतं." मी ऐकून घेतलं. म्हणाले, "आता तुम्ही कशी पाजता दाखवा." मी त्रोहाला टॉवेलवर पालथं ठेवलं, मान जराशी उचलली, तू दाखवलं होतंस तसं, हुबेहूब. ते म्हणाले, "बघा, अनुभव तो अनुभव."

संध्याकाळी वहीतलं कळल्यावर एल्काने तुला ग्रुपमधून काढलं. तू मला फोन केलास. रडत होतीस. "आत्या, मी पोटावरच ठेवत होते, शपथ. पण पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते, तेव्हाच काही झालं असेल." मी म्हटलं, "होतं असं पोरी. आता नको विचार करूस."

मला वाटत होतं पिल्लू मरेल आणि विषय मिटेल. हेही लिहूनच टाकते. मी तिला दर दोन तासांनी पाजत होते, इंजेक्शनला नेत होते, वाफ देत होते, आणि एकीकडे हे वाटत होतं. ती मात्र जगली.

आता हात दुखायला लागला. उरलेलं उद्या. तू म्हणशील, पुन्हा बगल दिली. नाही, उद्या लिहीन.

सोमवार, २७

बसते लिहायला.

एकवीस तारखेला बाबिनदेन. सुइणीचा सण म्हटलं की मला दरवर्षी नव्याने केस कापून घ्यायची हौस. या वर्षी जाऊ नये असं वाटत होतं, पण न जायला कारण काय सांगणार? संस्कृतिभवनात पन्नासेक बायका, पुरुष एकही नाही, चीज भरलेल्या बानित्साच्या परातीवर पराती. माझ्या गळ्यात सुक्या मिरच्यांची आणि लसणीची माळ घातली आणि रीतीप्रमाणे मला उचलायला धावल्या. पेन्काने आधीच राकीयाचे दोन पेले चढवले होते, ती ओरडली, "राद्काला जपून उचला गं, अजून ओली बाळंतीण आहे. नवऱ्याचा पत्ता नाही पण पोर मात्र मिशीवालं झालंय." सगळ्या हसून लोळल्या. मीही हसले.

मग रांगेने येऊन सुइणीच्या हातांवर पाणी घालायचा कार्यक्रम. तुला वाटलं असेल की मी तुला पाहिलं नाही. पाहिलं होतं. तू रांगेत उभी होतीस, एवढं पोट घेऊन, हातात तुझ्या आजीचा तांब्याचा जग आणि खांद्यावर तू स्वतः भरतकाम केलेला टॉवेल. आणि तेवढ्यात एल्का टेबलावर चमचा वाजवून उभी राहिली. "बायांनो, माणसांची बाळं सगळ्याच सुइणी वाचवतात. आपल्या राद्काने दुसऱ्याच्या हातून वाया गेलेलं पिल्लू परत आणलं. या हातांवर पाणी घालायला मिळणं म्हणजे नशीब." टाळ्या पडल्या. दोघीतिघींनी तुझ्याकडे वळून पाहिलं. तुझे कान लाल झाले, पण तू रांग सोडली नाहीस.

तुझा नंबर आला. तू पाणी घातलंस, साबण दिलास. पाणी कोमट होतं. एवढ्या जणींत तू एकटीने ते कोमट करून आणलं होतंस. टॉवेल देताना तू वाकलीस, माझ्या ओल्या हाताचं चुंबन घेतलंस आणि हळूच म्हणालीस, "आत्या, मी तुला बिघडलेलं पिल्लू दिलं. मला माफ कर."

तेव्हा तोंड उघडता आलं असतं. पन्नास बायका होत्या, माईकसुद्धा होता. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "केलं पोरी. केलं माफ."

बायकांचे डोळे भरून आले. एल्का तर रडलीच. त्या रात्री मी तो टॉवेल कपाटात सगळ्यात खाली चादरींमध्ये दडपला. त्यानंतर आजपर्यंत हात धुतले की ते कोटाला पुसते.

आज सकाळी एल्काच्या फुलांच्या दुकानात गेले. त्रोहाला पिशवीत घेऊन, वही घेऊन. दोन गिऱ्हाइकं होती. ती जायची वाट बघावी असं मनात आलं, पण थांबले असते तर धीर गेला असता. त्यांच्यासमोरच सांगितलं. फ्लॅनेल, कोपर, बाक, पेन, सगळं. एल्का कार्नेशनच्या जुडीला दोरा बांधत होती. बांधून झाल्यावर तिने जुडी खाली ठेवली.

"म्हणजे त्या पोरीला मी उगाच काढलं."

"हो."

"आणि भरल्या सभागृहात मी तिला बोलले."

"हो. आणि मी बोलू दिलं."

ती म्हणाली, "पिल्लू इथे ठेव आणि जा, राद्का. मला तुझ्याशी आत्ता बोलता येणार नाही." मी ठेवलं. वहीतली माझी पानं मी आधीच फुली मारून रद्द केली होती आणि खाली खरं काय ते लिहून सही केली होती. डॉक्टर मानोलांकडेही गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तुम्ही वेळेवर खरं सांगितलं असतंत तरी मी हेच औषध दिलं असतं, बाई." त्याने मला जास्तच लागलं. खोटं बोलायची काही गरजच नव्हती. माझ्या नावाशिवाय काहीच पणाला लागलं नव्हतं.

एल्का तुला फोन करेल. उचल. ती ग्रुपमध्येही सगळं लिहिणार आहे, मीच सांगितलंय तिला. बाबिनदेनला आलेल्या बायकांना मी एकेकीच्या घरी जाऊन सांगणार आहे. पेन्कापासून सुरुवात केली.

आता तुझ्या बाळाचं. तू आठवड्याचंही नसलेलं, बिनआईचं, गार पडलेलं पिल्लू हातात घेतलंस, थरथरत्या हातांनी, आणि दोन दिवसांत अकरा ग्रॅमने वाढवलंस. माझ्या हातांत थरथर नव्हती, म्हणूनच ते गुदमरलं. तुझं बाळ तू न्हाऊ घाल, तू पाज. सासूला पडदे लावू दे. कळा सुरू झाल्यावर मी तिथे असेन असं आपलं ठरलं होतं. ते ठरलेलं मी मोडते. तू बोलावलंस तर येईन, मागे उभी राहीन. नाही बोलावलंस तर तुझं बरोबर आहे, आणि तुझ्या आईला कारण मी सांगेन.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही. आत्ताच मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि मग मी सुटले असं मला वाटेल. मला सध्या सुटायचं नाही.

पण एक करायचंच आहे. त्या दिवशी पन्नास बायकांसमोर मी तुला जी माफी दिली, ती मी परत घेते. तुझ्याकडून काही चुकलं नव्हतं, तर मी माफ कशाची केली? ती तुझ्याकडे ठेवू नकोस, बाळ.

तुझ्या वडिलांची बहीण,
राद्का