शेजारी बघून भरलेले वीस प्रश्न

सोमवार, ४ फेब्रुवारी २००८

कॉपी केली! तीही पहिल्याच दिवशी.

शिरूरच्या कॉम्प्युटर केंद्रात कोर्स सुरू झाला. धडे इंटरनेटवरून येतात, मशीनच शिकवतं. हनुमंत सर फक्त देखरेखीला. धड्यांच्या आधी वीस प्रश्न आले – 'नवी गोष्ट तुम्हांला कशी कळते? पाहून, ऐकून, की करून?' यातलं बरोबर उत्तर कोणतं? मी नववी नापास. चुकलो तर आजच घरी पाठवतील असं वाटलं. शेजारी प्रगती बसली होती, बारावी झालेली. पहिल्या प्रश्नावर दोघंही बराच वेळ थांबलो. मग तिचं बघून मी खुणा केल्या. काही खुणा धीर करून आधीच केल्या आणि नंतर तिच्याशी ताडून पाहिल्या. जुळल्या! बरं वाटलं.

निकाल दोघांचा एकच. 'तुम्ही पाहून शिकणारे आहात. तुमचे धडे तसेच येतील.'

मंगळवार, ५ फेब्रुवारी

कंपनीत भोर साहेबांनी पुन्हा बजावलं. "कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आणलंस तर स्टोअरला घेतो. नाहीतर एकतीस मार्चला तुझं कॉन्ट्रॅक्ट संपलं."

मंगळवार, १२ फेब्रुवारी

नुसती चित्रं! अक्षर नाही, आवाज नाही. बाण सरकतो, चौकट उघडते, मिटते. आज सोळा चित्रं पाहिली. घरी जायला कवठ्याच्या वडाप जीपमध्ये बसेपर्यंत चौदा डोक्यातून गेली.

बुधवार, २० फेब्रुवारी

सराव परीक्षा. पन्नासपैकी नऊ. पास व्हायला पंचवीस लागतात.

सर म्हणाले, "डोळे उघडे ठेवून झोपतोस का रे?" सगळे हसले.

प्रगतीला अकरा. बाहेर आल्यावर म्हणाली, "ही चित्रं मुकी हायेत. कुणी बोललं तर कळंल." नवल आहे. तिची तर स्वतःची उत्तरं, मग तिला का जड जावं?

गुरुवार, २१ फेब्रुवारी

सरांना सांगायचं ठरवलं. नाही सांगितलं.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

आजही नाही.

शनिवार, १ मार्च

सांगितलं! उभा राहून, सगळ्यांसमोर. "सर, ती वीस उत्तरं माझी नाहीत. बघून भरली."

सर इतके हसले की चष्मा काढावा लागला. "अरे, तो पेपर नव्हता! आवडती भाजी कोणती, हेपण शेजारच्याचं ताट बघून सांगतोस का?"

कान तापले. कुणाचं बघून, ते मी बोललो नाही. प्रगतीनं मान वर केली नाही.

उत्तरं बदलायची तर पुण्याच्या ऑफिसला कळवावं लागतं, दहा दिवस जातात. परीक्षा नऊ तारखेला! सरांनी कपाटातून एक जुनं पुस्तक काढून दिलं. "यात सगळं लिहिलंय. तुझं तू बघ."

रविवार, २ मार्च

सकाळपासून पुस्तक घेऊन बसलो. एक ओळ डोक्यात राहीना. वडील, आण्णा, सात मेंढरं घेऊन निघाले होते. पूर्वी दीडशे होती. दारातूनच म्हणाले, "तू बसून कवा शिकलास? सोळापर्यंतचे पाढे माझ्यामागं चालत पाठ केलेस. चल, वाच मोठ्यानं."

गेलो. मेंढरांमागं चालत वाचू लागलो. आण्णांना अक्षरओळख नाही, पण एक शब्द सोडेनात.

"फोल्डर म्हंजी?"

"ज्यात फायली ठेवतात."

"मग वाघरच की! मेंढरं कोंडायची जाळी. आन् तुझं ते डिलीट? मेलंच म्हनायचं?"

"नाही आण्णा, रिसायकल बिनमध्ये जातं. परत आणता येतं."

"मग मेलं न्हाई, चुकलंय. हुडकायचं."

घरी आल्यावर पाहिलं तर अख्खा धडा तोंडपाठ!

शुक्रवार, ७ मार्च

रोज पहिली पाळी सुटली की आण्णांच्या मागं. आज त्यांनीच मला प्रश्न विचारले. दोन चुकले.

रविवार, ९ मार्च

परीक्षा. सातव्या प्रश्नावर अडलो. उठून चालता येईना. टेबलाखाली पाय हलवत राहिलो. प्रश्न होता, डिलीट केलेली फाईल कुठं मिळेल? कानात आण्णा – चुकलंय, हुडकायचं!

शेजारी मान वळवली नाही. एकदाही नाही.

सोमवार, १७ मार्च

एकतीस! पास!

भोर साहेबांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं. "एक तारखेपासून स्टोअरला बस." आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मला किती पडले?"

मंगळवार, १८ मार्च

पुस्तक परत द्यायला गेलो. प्रगती पायरीवर बसली होती. नापास, बावीस. मी सगळ्यांसमोर सांगितलं, त्यामुळे तुझी काही अडचण झाली का, असं विचारायला गेलो. तिनं मध्येच तोडलं. "त्या पयल्या दिवशी तुमी लई इचार करून टिक करत व्हता. मला वाटलं, ह्यांना येतंय. मी समदं तुमचंच बघून भरलं."

पुस्तक तिला दिलं.

मग त्या मशीननं महिनाभर शिकवलं कुणाला?